करपा म्हणजे नेमकी कोणती बुरशी?

प्रश्न असा आहे: ‘करपा ही कोणती बुरशी? आणि सुटसुटीत मराठी नाव असताना लांबलचक लॅटिन नावं कशाला हवीत?’

करपा हे कोणत्याच बुरशीचं नाव नाही. ‘करपणे’वरून आलेला हा शब्द पान कसं दिसतं तेवढंच सांगतो; ते कोणी करपवलं, याबद्दल तो गप्प आहे. भातावरचा करपा पायरिक्युलारिया ओरायझी या बुरशीमुळे होतो, तर भातावरचाच कडा करपा जिवाणूमुळे. बटाट्यावर लवकर येणारा करपा अल्टरनेरिया सोलानी या बुरशीचा. उशिरा येणारा फायटोप्थोरा इन्फेस्टन्सचा, आणि हे महाशय तर बुरशीच नव्हेत! तंतू बुरशीसारखे दिसतात खरे, पण पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि नातं निघतं तपकिरी शैवालांशी. त्यामुळे उशिरा येणाऱ्या करप्याला सर्रास ‘बुरशीजन्य’ म्हणतात, ते मला खटकतं.

हा नुसता शब्दच्छल नाही. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं अर्गोस्टेरॉल, म्हणजे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा मेदासारखा घटक, तयार होणं रोखतात. फायटोप्थोरा ते मुळात तयारच करत नाही, मग औषध रोखणार काय? उलट मेटॅलॅक्झिल हे औषध फायटोप्थोरावर चालतं, अल्टरनेरियावर नाही. जिवाणूच्या करप्यावर दोन्ही वाया. ‘करप्यावर काय फवारू?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे.

लॅटिन नावंही सारखी बदलतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स 1845 मध्ये बोट्रायटिस या बुरशीच्या गटात नोंदलं गेलं. आजचं नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी 1876 मध्ये दिलं. त्यात बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं द्यायची पद्धत होती, म्हणून भाताच्या करप्याची बुरशी कुठे पायरिक्युलारिया, तर कुठे मॅग्नापोर्थे म्हणून भेटते. 2011 मध्ये मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ही दुहेरी नावं बंद करायचं ठरलं.

मराठीत लिहिताना ‘करपा’ खुशाल वापरा. सोबत पिकाचं नाव आणि एकदा तरी कारक जीवाचं नाव द्या. जुन्या लेखनात भाताच्या संदर्भात ‘मॅग्नापोर्थे ग्रिसिया’ दिसलं, तर बहुधा आजची ओरायझीच अभिप्रेत असते. 2002 मध्ये या दोन जाती वेगळ्या केल्या गेल्या आणि ग्रिसिया हे नाव डिजिटारिया गवतावरच्या बुरशीकडे राहिलं.