नर्सिंगमध्ये संशोधन करण्यासारखं असतं तरी काय?

तुम्ही विचारलंय: 'माझी बहीण एम.एस्सी. नर्सिंग करतेय. सध्या हॉस्पिटलात नातेवाइकांकडून प्रश्नावल्या भरून घेत फिरते. नर्सचं काम म्हणजे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग. त्यात संशोधन कसलं? आणि त्याचा पेशंटला किंवा घरच्यांना काडीचा तरी उपयोग होतो का?'

आधी कबुली देऊन टाकते. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचा कुणालाही उपयोग झाला नाही. काळ्या रेक्झिनची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरं, असा तो कॉलेजच्या कपाटात उभा असेल. आमच्याकडच्या बऱ्याच प्रबंधांची पाककृती ठरलेली असते. एक विषय घ्यायचा, साठ माणसं गाठायची, त्यांची छोटी परीक्षा घ्यायची, मग तक्ते दाखवून अर्धा-पाऊण तास शिकवायचं आणि आठवड्याने तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. गुण वाढतातच. शिकवल्यावर माणसाला पहिल्यापेक्षा जास्त येतं, हे सिद्ध करायला आम्ही दोन वर्षं आणि गाइडच्या केबिनबाहेरचे असंख्य तास घालवतो.

माझा विषय त्यातल्या त्यात वेगळा होता: आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचं 'समाधान'. पेशंट आत व्हेंटिलेटरवर आणि बाहेर मी, अंगात पांढरा कोट, हातात पॅड. 'सिस्टरांच्या वागण्याबद्दल आपण किती समाधानी आहात?' पाच पर्याय. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? सगळे 'पूर्ण समाधानी'. एका आजींना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मी संमतीपत्रावर त्यांचा अंगठा घेतला. स्टॅम्प पॅडची शाई पदराला पुसत त्या म्हणाल्या, 'झालं ना बाई? आता सोडता का आत?' त्यांना वाटलं होतं, हा आत जायचा पास आहे. त्यांचा मुलगा चार दिवस आत होता.

ती प्रश्नावली मी 'समाधानी'च्या रकान्यात मोजली. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नीट पार पडला.

त्या आजी काय मागत होत्या, ते नोकरीला लागल्यावर एका जुन्या लेखात सापडलं. अमेरिकेतल्या नॅन्सी मोल्टर या नर्सने १९७९ साली एक साधं काम केलं. अत्यवस्थ पेशंटच्या ४० नातेवाइकांना ती भेटली. त्यांच्यापुढे ४५ गरजांची यादी ठेवली आणि यातलं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, असं विचारलं. तोवर नातेवाईक म्हणजे गर्दी, हीच समजूत होती. यादीत सर्वांत वर आलं ते 'आशा आहे असं वाटणं'. वरच्या गरजांमध्ये आणखी काय होतं? आतली माणसं आपल्या माणसाची मनापासून काळजी घेतायत असं वाटणं, बसायची जागा पेशंटजवळ असणं, तब्येतीत बदल झाला तर घरी फोन येणं. स्वतःच्या खाण्यापिण्याच्या, आरामाच्या गोष्टी पार खाली. पुढे जेन लेस्के या दुसऱ्या नर्सने हीच यादी घासूनपुसून नीट मोजमापाचं साधन बनवलं आणि त्या गरजांचे पाच गट पाडले: खात्री, जवळीक, माहिती, सोय आणि आधार. आजही जगभर आयसीयूतल्या नातेवाइकांवरचे बरेच अभ्यास याच यादीवरून होतात. तुमच्या बहिणीच्या हातातली प्रश्नावली कदाचित या यादीचीच नात असेल.

आता यात नवीन ते काय, हे तर आम्हाला ठाऊकच होतं, असं तुम्ही म्हणाल. मग आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात अर्धा दिवस बसून बघा. चटई, पाण्याच्या बाटल्या, गावाहून पहिल्या एसटीने आलेला डबा. तेवढ्यात दार अर्धवट उघडतं आणि हाक येते, 'बारा नंबरचे नातेवाईक!' बारा नंबरवाले धडपडत उठतात, तोंडचं पाणी पळालेलं. आणि निघतं काय, तर औषधाची चिठ्ठी. दिवसातून पाच-सहा वेळा असं होतं. बाहेरच्या माणसाला आतून कधीच दुसऱ्या कशासाठी हाक येत नाही, एक तर चिठ्ठी, एक तर पैसे, नाहीतर 'ती' बातमी. मी स्वतः वर्षानुवर्षं अशीच ओरडत आले. मोल्टरचा लेख वाचल्यावर पहिल्यांदा त्या हाकेकडे दाराच्या दुसऱ्या बाजूने बघितलं.

मग आम्ही आमच्या युनिटात एक बदल केला. डॉक्टरांचा राउंड आटोपला की त्या ड्युटीची सिस्टर बाहेर जाऊन प्रत्येक पेशंटच्या एका माणसाशी बोलणार. तीनच गोष्टी सांगायच्या: रात्र कशी गेली, आज काय काय करणार आहेत, पुढचं कधी कळेल. आणि हाक मारायची ती नावाने, बेड नंबरने नाही. डॉक्टरांनी नाक मुरडलं. 'सिस्टरने भलतंच काही सांगितलं तर निस्तरायचं कोणी?' शंका रास्त होती. म्हणून वाटणी केली. वाचेल की नाही, ऑपरेशन कधी, हे डॉक्टरच सांगतील. आम्ही सांगायचं, ताप उतरलाय, नळीतून दूध जातंय, हाक मारल्यावर सकाळी डोळे उघडले. गंमत अशी की लोकांना हेच हवं असतं. 'डोळे उघडले' एवढं ऐकून एक गृहस्थ मटकन खाली बसून रडलेले मी पाहिलेत. दारावरची वादावादी पुष्कळ कमी झाली असं आम्हा सगळ्यांचं मत आहे, पण आम्ही मोजलं नाही, त्यामुळे याला मी संशोधन म्हणणार नाही.

आत सोडायचं की नाही, हा मात्र मोजून बघितलेला प्रश्न आहे. नातेवाईक आत आले की इन्फेक्शन वाढतं, कामात अडथळा येतो, हे आम्ही शिकताना ऐकलेलं आणि पुढे शिकवलेलंही. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत याची चाचणी झाली, निकाल २०१९ साली छापून आला. काही काळ भेटीच्या वेळा नेहमीसारख्या कडक, काही काळ दिवसाला १२ तासांपर्यंत मोकळीक. घरचं माणूस जवळ असलं की पेशंटचा भ्रम, म्हणजे ते असंबद्ध बडबडणं, नळ्या ओढणं, कमी होईल अशी त्यांची आशा होती. तेवढा फरक काही दिसला नाही. पण इन्फेक्शनही म्हणण्यासारखं वाढलं नाही, आणि नातेवाइकांची चिंता आणि उदासी कमी झाली. अभ्यास डॉक्टर मंडळींचा होता, पण दार उघडायचं की लावायचं हे रोज ठरवणारी असते सिस्टर. मी हा लेख छापून ड्युटी रूममध्ये चिकटवला होता. कुणीतरी त्याच्यावर दिवाळीच्या ड्युटीचा तक्ता लावला.

आपल्याकडे नवजात बाळांच्या बाबतीत हे दार जास्त उघडलंय. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना, आजीलासुद्धा, बाळांच्या आयसीयूत आत घेऊन शिकवायला सुरुवात झाली: हात कसे धुवायचे, बाळाला कसं धरायचं, दूध कसं पाजायचं, कुठली लक्षणं दिसली की लगेच सांगायचं. त्यावरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. इन्फेक्शन वाढलं नाही, आणि घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण चांगलं होतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने या पद्धतीची मार्गदर्शक पुस्तिका काढली. मग २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या ३,२११ कमी वजनाच्या बाळांवरचा अभ्यास आला. जन्मल्या जन्मल्या, तब्येत स्थिरावण्याची वाट न बघता आईच्या उघड्या छातीशी ठेवलेल्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. आईची खाट आत न्यावी लागली. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्याने सरकारी हॉस्पिटलात एक खाट या खोलीतून त्या खोलीत हलवायची परवानगी काढलीय, त्याला विचारा.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग सगळंच नातेवाइकांना शिकवून टाकू. वरच्या साहेबांना तर हे फार लवकर वाटतं, कारण नातेवाईक फुकट असतात. त्यांना मी नेहमी एक भारतीय अभ्यास दाखवते. पक्षाघाताच्या १,२५० पेशंटांवर, देशातल्या १४ हॉस्पिटलांत तो झाला, २०१७ साली छापला. अर्ध्या पेशंटांच्या घरच्यांना व्यायाम, उठवणं-बसवणं, रोजची कामं करून घेणं हे हॉस्पिटलात शिकवलं, नंतर घरी जाऊनही दाखवलं. बाकीच्यांना नेहमीची सेवा. सहा महिन्यांनी दोन्हीकडे ४७ टक्के पेशंट एक तर दगावलेले, नाहीतर दुसऱ्यावर अवलंबून. जराही फरक नाही. मला हा अभ्यास मनापासून आवडतो. एवढी मेहनत करून 'नाही, उपयोग झाला नाही' असं छापायला धमक लागते. आणि त्यातून कळतं की जवळ बसणं, हात धरणं, काय चाललंय ते समजून घेणं ही एक गोष्ट, आणि प्रशिक्षित माणसाचं काम घरच्यांच्या गळ्यात बांधणं ही अगदी वेगळी.

कारण हातांना पर्याय नसतो. लिंडा एकेन या नर्सने अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात १६८ हॉस्पिटलांची माहिती तपासली, २००२ साली तो अभ्यास आला. एका नर्सच्या वाट्याला एकेक पेशंट वाढत जाईल तशी ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढत जाते, असं त्यात दिसलं. पुढे युरोपातल्या नऊ देशांत तपासलं, तिथेही आकडा तेवढाच. आपल्या भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण विद्यार्थी जिथे शिकतात त्या हॉस्पिटलात तीन पेशंटांमागे एक नर्स आणि साध्या हॉस्पिटलात पाचांमागे एक, असं आहे. माझ्या नाईटला किती बेड असायचे, ते इथे लिहीत नाही. माझ्या कुणा विद्यार्थिनीच्या आईने वाचलं तर मुलीला या कॉलेजातून काढून नेईल.

बेडसोरचंच घ्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एका कुशीवर पडून होणाऱ्या जखमा. आम्ही शिकलो तेव्हा पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची. घरचे खोबरेल आणून चोळायचे. लंडनच्या डोरीन नॉर्टन या नर्सने म्हाताऱ्या पेशंटांवर अभ्यास करून १९६२ सालीच दाखवून दिलं होतं की काय चोळता त्यापेक्षा दर दोन तासांनी कूस बदलता का, हे महत्त्वाचं. चोळायला एक माणूस पुरतो. कूस बदलायला दोन लागतात, रात्री दोनलाही आणि पहाटे चारलाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ ते २०१५ अशी ४२ वर्षं सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालात त्यांच्या अंगावर एकही बेडसोर नसल्याची खास नोंद आहे. ज्यांनी कधी कुणाची कूस बदलली नाही, त्यांना तो आकडा किती मोठा आहे हे कळायचं नाही.

तर तुमच्या बहिणीबद्दल. तिला प्रश्नावली टाकून दे म्हणू नका, गाइड फाडून खाईल. पण दोन-तीन गोष्टी तिच्या हातात आहेत. पेशंट आत असताना 'समाधान' विचारू नये. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी फोन करावा, आणि शक्यतो त्या वॉर्डात काम न करणाऱ्या मैत्रिणीकडून. मग खरं ऐकायला मिळेल, थोडं लागेलही. पाच पर्यायांच्या शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवावा: 'आत असताना कुठली गोष्ट तुम्हाला कुणीच सांगितली नाही?' त्याच्या उत्तरांतून तिला पुढच्या दहा वर्षांचे विषय मिळतील. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करताना शब्दकोशातून करू नये, वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवावं. माझ्या प्रश्नावलीत 'भावनिक आधार' असा शब्द होता. एका काकांनी त्यावर स्वतःचं आधार कार्ड काढून दिलं होतं.

आणि संमतीपत्र वाचून दाखवताना 'या कागदाने आत जायला मिळत नाही' हे वाक्य तिने स्वतःहून घालावं. छापील नमुन्यात ते नसतं.