३० हजारांत छोटे स्पीकर आणि सबवूफर: आधी काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यातल्या फ्लॅटचा १० बाय १२ फुटांचा हॉल, बजेट ३० हजार. ऐकायचं नाट्यसंगीत, भजनं, चवथीच्या दिवसांत घुमटावरच्या (मातीच्या तालवाद्यावरच्या) आरत्या, आणि रात्री टीव्हीवर सिनेमा. दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर एकदमच घ्यावेत का?

एकदम नको. सबवूफरला १० हजार गेले की उरलेल्या पैशांत स्पीकरही जेमतेम येतो आणि अँप्लिफायरही जेमतेम. गळा, पेटी, तबल्याची चाट, सिनेमातले संवाद हे सगळं स्पीकरमधूनच येणार. सबवूफर सांभाळतो ती तळाची दोन सप्तकं, २० ते ८० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं). तेव्हा १५ हजारांपर्यंत स्पीकरची जोडी, १० हजारांच्या आसपास अँप्लिफायर, उरलेल्यात स्टँड आणि वायर. सबवूफर पुढच्या चवथीला. अट एकच: अँप्लिफायरला ‘सब आउट’, म्हणजे सबवूफर जोडायची जागा, आजच असायला हवी.

किती खालचा आवाज लागतो ते बघा. तानपुरा काळी एकला लावला तर षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. चार इंची वूफर (स्पीकरमधला खालचे सूर काढणारा भाग) साधारण ७०-८० हर्ट्झला दमतो, सव्वापाच इंची ५५-६० पर्यंत जातो. म्हणून सव्वापाच इंचीच घ्या, गाण्याचं काम तिथेच भागतं. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं ऐकताना तर पुढे सबवूफर आला तरी तो बंदच ठेवा. तिथे तळात संगीत नाही, तबकडीची घरघर आहे, आणि नेमकी तीच मोठी होऊन ऐकू येते.

खोक्यावरचे वॉट वाचून भुलू नका. पीएमपीओ हा क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा वाचायचाच नाही, आरएमएस म्हणजे सतत मिळणारी ताकद बघायची. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल देतो. अडीच मीटरवर बसलात की साधारण ८ डेसिबल जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. तिथून पुढे वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. १६ वॉटलाच ९३ डेसिबल होतात, म्हणजे शेजारी दार वाजवायला येतील. चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरला, ३० ते ५० खरे वॉट पुष्कळ झाले.

आता सब आउटमधली गोम. पुष्कळ स्वस्त अँप्लिफायर सबवूफरला सिग्नल देतात, पण छोट्या स्पीकरकडे जाणारा तळ कापत नाहीत. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) चौपट हलावं लागतं. म्हणजे सबवूफर आला तरी छोटा वूफर धडपडतच राहतो आणि मोठ्या आवाजात फडफडतो. तळ कापणारा क्रॉसओव्हर साध्यातल्या साध्या एव्ही रिसीव्हरमध्येही (टीव्ही-सिनेमासाठीच्या अँप्लिफायरमध्येही) असतो. म्हणून माझं मत चांगल्या स्थितीतल्या जुन्या रिसीव्हरला. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज परत आणणारी सोय) असेल तर टीव्हीही एकाच केबलवर जोडला जातो. सबवूफर आल्यावर मेन्यूत स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० ला ठेवा. त्यानंतर सबवूफरच्या पाठीमागचा क्रॉसओव्हरचा खटका शेवटपर्यंत वर फिरवून ठेवायचा, नाहीतर सबवूफरचा वरच्या बाजूचा आवाज दोनदा कापला जातो.

वायर दोन कोरची, दीड चौरस मिलिमीटरची, पाच मीटरपर्यंत निवांत चालते. महागड्या केबलचे पैसे स्टँडला घाला. ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, आणि मागच्या भिंतीपासून निदान वीतभर तरी जागा. टाइल्सच्या फरशीवर जाजम टाका, फरक लगेच कळेल. बास अचानक गायब झालाच तर आधी एका स्पीकरची वायर उलटी लागलीय का ते तपासा.

सबवूफर आल्यावर तो टीव्हीशेजारी सोयीचा कोपरा दिसला म्हणून तिथेच ढकलू नका. तुमच्या हॉलची १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि १० फुटांची ५६ च्या. कोपऱ्यात हे घुमणं सगळ्यात जास्त. उपाय जरा हास्यास्पद आहे, पण चालतो: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची एक चाल असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाचा वाटेल, तिथे तो ठेवा. मग जागेवर बसून ८० हर्ट्झचा टोन लावा आणि फेजचा (आवाजाची लाट उलटी करणारा) खटका ० व १८० वर करून बघा. ज्या बाजूला आवाज भरतो ती बरोबर. आवाज शून्यातून वाढवत न्या. सबवूफर वेगळा ऐकू यायला लागला की थोडा मागे.

गुणगुण येत असेल तर केबल टीव्हीच्या वायरची पिन काढून बघा. थांबली तर अर्थिंगचं लूप आहे, सबवूफरला जाणाऱ्या आरसीए लाइनवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची पिन कापायची नाही, कोणी कितीही सांगो.

राहिली आपली हवा. कोनभोवतीची कडा रबराची घ्या. फोमची कडा दमट हवेत कुजते. जहाजावरून किंवा गल्फमधून आलेले जुने सेट घराघरांत पडलेले असतात, त्यांची कडा बोटाने हलकी दाबा. चिकट लागली किंवा भुगा पडला तर कडा बदलायचा खर्च धरूनच भाव करा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावा: प्लसला प्लस लावल्यावर वूफर बाहेर आला पाहिजे. स्पीकर एमडीएफचे (लाकडाच्या दाबलेल्या भुशाचे) असतात, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवले तर तळाशी फुगतात. खाली रबरी पाय लावा. पावसात आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास सेट चालू ठेवा. टर्मिनलवर हिरवा थर दिसला तर तो घासून काढा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वीज कडाडायला लागली की प्लग काढा आणि केबल टीव्हीची वायरही. जवळ पडलेली वीज स्पाइक गार्ड अडवत नाही.

पोर्टच्या, म्हणजे खोक्याला हवेसाठी ठेवलेल्या, भोकाकडेही लक्ष असू द्या. सेट महिनाभर बंद राहिला की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते, नाहीतर पाल शिरते. मग बास वाजला की आतून खरखर येते आणि माणूस वूफर फाटला समजून दुरुस्तीला धावतो. मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावून ठेवा, ऐकताना काढून टाका.