बदाम रोज, तरी रक्त कमी

कोपरखैरण्याहून आलेल्या आईची काळजी नेहमीचीच होती. "मॅडम, मुलगी एकोणीस महिन्यांची झाली, तरी चार-पाचच शब्द बोलते. हाक मारली तर पटकन बघत नाही. रोज चार बदाम उगाळून देते. मेंदूसाठी आणखी कुठली पावडर देऊ?"

आधी कान तपासून घेतले. ते नीट निघाले. वजन 9.2 किलो, चार्टात बसणारं, म्हणून घरात कुणाला शंकाच आली नव्हती. दिवसभराचं खाणं लिहून काढलं तेव्हा उलगडा झाला. 200 मिलीच्या पाच बाटल्या दूध, त्यातल्या दोन रात्री. मधे चहात बुडवलेलं बिस्किट. जेवण दोन घास. आजी सहज बोलून गेल्या, "भिंतीचे पोपडे चाटते हो सारखी." हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण. डॉक्टरांनी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन 8.6. आपल्याकडे या वयात 11 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, धरतात.

दुधात लोह नावापुरतंच. वर त्याने पोट भरतं आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. जन्मतः मिळालेला साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढच्या दीड-दोन वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने पोचवणारं, आवरण झपाट्याने चढतं, आणि त्यालाच लोह लागतं. बदामाने ही तूट भरत नाही.

आधी रात्रीच्या बाटल्या बंद केल्या. तीन रात्री रडारड झाली, चौथ्या दिवशी सकाळी भूक लागली. दूध 400 मिलीवर आणलं, तेही पेल्याने आणि जेवणानंतर दोन तासांनी. चहा बंद. पाऊण वाटी मऊ खिचडी किंवा मुगाचं वरण-भात, वर लिंबू पिळून. दिवसाआड अंडं, आठवड्यातून दोनदा मासे किंवा खिमा. डॉक्टरांनी वजनाच्या किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम लोहाचे थेंब दिले. इथेच बहुतेक घरं चुकतात: थेंब दुधात घालतात, किंवा शी काळी झाली म्हणून घाबरून बंद करतात. काळी शी औषधाचीच असते. महिन्याने हिमोग्लोबिन 9.8 झालं, पोपडे चाटणं थांबलं.

"झालेलं नुकसान भरून येईल ना?" आईने विचारलं. खोटा दिलासा देता येत नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशातल्या एका अभ्यासात लहानपणी लोहाची दीर्घ कमतरता असलेली मुलं उपचारानंतरही 19 व्या वर्षी बौद्धिक चाचण्यांत मागे होती, गरीब घरांत तर अंतर वाढलेलं होतं. म्हणून हिमोग्लोबिन 11 वर गेलं तरी थेंब आणखी दोन-तीन महिने चालू ठेवायचे, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद करून आजीने तिच्याशी बोलायचं, बडबडगीतं म्हणायची.