कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पेशंटबद्दल, वॉर्डात नवीन आलेल्यांसाठी
अगं, पहिलं म्हणजे रोज राऊंडला डॉक्टरांना विचारायचं, सर ह्या पेशंटला कॅथेटर अजून लागतंय का? लाजू नकोस. कारण नळी आत राहिली की दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्क्यांनी इन्फेक्शनचा धोका वाढत जातो, आणि बाई पेशंट, म्हातारं माणूस, शुगर असलेला असेल तर जास्तच. आपल्याकडं अक्कलकोट, बार्शीकडून पेशंट येतात ते बऱ्याचदा आधीच गावात दोन-तीन अँटिबायोटिक खाऊन आलेले असतात, मग लघवीत ई. कोलाय नाहीतर क्लेबसिएला हा जंतू निघतो आणि नेहमीची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत, म्हणून आधी काय काय घेतलंय ते नातेवाईकांना नीट विचार, गोळ्यांची पाकिटं बघायला माग.

कल्चर (लघवीत कुठला जंतू आहे ती तपासणी) पाठवायचं ते अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. आणि सॅम्पल बॅगेतून कधीच घेऊ नको गं, नळीवरचं पोर्ट (सॅम्पल घ्यायची जागा) स्पिरिटनं पुसून सिरिंजनं घे, बॅगेत जंतू वाढलेले असतात, रिपोर्ट चुकीचा येतो आणि पेशंटला उगाच भारी इंजेक्शनं सुरू होतात. नुसती लघवी गढूळ दिसली, ताप नाही, दुखत नाही, तर लगेच औषध लागतंच असं नाही, गरोदर बाई असेल तर मात्र वेगळं.

बॅग कायम पोटाच्या पातळीच्या खाली, पण फरशीला टेकवायची नाही. पेशंटला स्ट्रेचरवरून हलवताना वॉर्डबॉय ती पोटावर ठेवतात, तिथं स्वतः लक्ष दे.