टीडीएस चांगला, पाणी नितळ, तरी घरात जुलाब का?

चार दिवसांआड येणारं पाणी हौदात साठवता, मीटरवर टीडीएस चांगला येतो, तरी घरात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं, असं तुम्ही लिहिलंय. मीटर बाजूला ठेवा. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही.

उजनी धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघतं. बिघडतं ते बहुतेक वेळा वाटेत. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. (लावतात सगळेच, हे माहीत आहे.) म्हणून सुरुवातीचं गढूळ, वासाचं पाणी हौदात घेऊच नका, संडास-फरशीला वापरा.

नंतरच्या पाण्याची ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते रसायन विषारी असतं. आज क्लोरीन आहे म्हणून चौथ्या दिवशीही असेल असं मात्र नाही, साठवणीत तो उडून जातो.

तो उडाला असेल तर 1000 लिटरला साधारण 4 ग्रॅम टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, म्हणजे सपाट चहाचा चमचा, पुरते. प्लास्टिकच्या मगात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. मग पुन्हा ओटी. रंग आला नाही तर आणखी निम्मी मात्रा. तरीही नाही, तर बहुधा पावडर मेलेली आहे: पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो. गढूळ पाण्यातही क्लोरीन वाया जातो. तुरटीला मी नावं ठेवत नाही, गाळ बसवायला ती उत्तम. पण जंतू मारत नाही, म्हणून आधी तुरटी, मग टीसीएल.

हौद घासल्यावर 100 लिटर पाण्यात 20 ग्रॅम टीसीएल घालून त्यानं भिंती धुवा, ते पाणी काढून टाका आणि मगच भरा.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. माठात हात घालून तांब्या बुडवत असाल तर वरचं सगळं फुकट. तोटी बसवा किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

जुलाब लागल्याबरोबर ओआरएस सुरू करा. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.