पत्त्यांचं टेबल : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही चार मित्र दर रविवारी 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर फॉरमॅट (खेळायचा एक प्रकार) खेळतो. माझा डेक (पत्त्यांचा संच) दमदार आहे, सुरुवातही जोरात होते, पण पाचव्या-सहाव्या टर्नला तिघंही माझ्यावर तुटून पडतात. परवा एकाने 'तुझ्यावर अटॅक करत नाही' असा शब्द दिला आणि लगेच मोडला. शेवटी दुसऱ्याने, स्वतः जिंकणं शक्य नसताना, मला बाद करून तिसऱ्याला डाव देऊन टाकला. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : पहिली तक्रार आधी घेते, कारण बाकीच्या दोन्ही तिच्यातूनच निघाल्यात. कमांडरमध्ये प्रत्येकाला ४० लाईफ; ते संपले की बाद. तुम्हाला समोरचे १२० संपवायचे असतात आणि तुमचे ४० संपवायला तिघं मोकळे असतात. त्यामुळे लवकर मिळालेली आघाडी अंगावर येते. आमच्या विश्रामबागच्या टेबलावर कुणी पहिल्याच टर्नला सोल रिंग (पत्ते खेळायला लागणारा मॅना देणारा पत्ता) टाकली, की सगळ्यांचं लक्ष तिच्यावर. तेवढ्यात पलीकडे कुणी 'ऱ्हिस्टिक स्टडी' हा पत्ता मांडून शांत बसलेलं असतं. तुम्ही स्पेल टाकताना, म्हणजे मॅना भरून पत्ता खेळताना, एक मॅना जादा भरला नाही, की तो एक पत्ता ओढतो. तिघांपैकी एकानेही कंटाळा केला तरी स्टडीवाल्याचा हात पत्त्यांनी भरत जातो आणि त्याची किंमत तिघंही मोजतात. तेव्हा मॅना भरा, आणि बाकीच्या दोघांनाही भरायला लावा. हे तोंडाने बोलावं लागतं.

स्वतःचा बोर्ड (टेबलावर मांडलेले पत्ते) मात्र सावकाश वाढवा. राक्षस उभे करण्याआधी लँड (मॅना देणारे पत्ते) आणि हातातले पत्ते वाढू द्या. आमच्याकडे येणारी एक कॉलेजची मुलगी आधी 'घोस्टली प्रिझन' मांडते. तिच्यावर येणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे (लढणाऱ्या पत्त्यामागे) दोन मॅना भरावे लागतात, म्हणून अटॅक आपोआप दुसरीकडे वळतो. कुणाचं काही मोडलेलं नसतं, त्यामुळे कुणाचा रागही नसतो.

दिसेल ते मारत सुटू नका. तुम्ही 'स्वोर्ड्स टू प्लाऊशेअर्स' टाकून एकाचं क्रीचर घालवलंत, तर तुमचा एक पत्ता गेला, त्याचा एक गेला आणि बाकी दोघं फुकटात पुढे सरकले. कमांडर (डेकचा म्होरक्या पत्ता) मारला तरी तो कमांड झोनमध्ये, म्हणजे त्याच्या राखीव जागेत, परत जातो आणि पुढच्या वेळी त्याला आणायला दोन मॅना जास्त लागतात. जे डाव संपवणार आहे, त्याच्यासाठीच पत्ता राखून ठेवा.

आता शब्दाचं. मेंढीकोटात भिडू आधीच ठरलेला असतो. इथे तो दर टर्नला बदलतो आणि नियमांत दिलेला शब्द कुणालाही बांधत नाही. म्हणून करार छोटा आणि मोजका करा : 'तुझ्या पुढच्या टर्नमध्ये माझ्यावर अटॅक नको, तोवर मी तुझ्या कमांडरला हात लावत नाही.' 'आपण दोघं एक' असला मोघम करार मोडणारच. ज्याने मोडला, त्याच्याशी पुढच्या रविवारी करार करू नका, आणि तसं त्याला सर्वांसमोर सांगा.

तिसऱ्या गोष्टीवर माझं मत ठाम आहे. 'मला संपवायला आलास तर तुलाही घेऊन जाईन' असं आधी बजावलं असेल, तर तो डावपेच आहे. समोरचा विचार करून अटॅक करतो. न सांगता, निव्वळ रागापोटी कुणाला बाद करणं म्हणजे बाकीच्यांचा दोन-अडीच तासांचा डाव नासवणं. हे पत्ते वाटण्याआधी बोलून घ्या.

प्रश्न : कुणी डाव जिंकणारा स्पेल टाकला की माझ्या आधीचे दोघं पास म्हणतात आणि काउंटर (स्पेल हाणून पाडणारा पत्ता) मलाच खर्च करावा लागतो. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : उत्तर देण्याची संधी टर्नच्या क्रमाने फिरते, त्यामुळे शेवटच्याच्या गळ्यात ओझं पडतं, हे त्या दोघांना पक्कं ठाऊक असतं. शेजाऱ्याने काउंटरसाठी लागणारे दोन निळे मॅना न वापरता राखलेत का, ते पाहा. राखले असतील तर काउंटरऐवजी एखादा स्वस्त इन्स्टंट (दुसऱ्याच्या टर्नमध्येही टाकता येणारा स्पेल) टाका. तो रिझॉल्व्ह झाला (अमलात आला) की मूळ स्पेलच्या आधी संधी पुन्हा सगळ्यांकडे फिरते. मग स्पष्ट सांगा, 'मी काउंटर टाकणार नाही, आता तुमचं बघा.' पण तो स्पेल थांबला नाही तर हरायची तयारी असेल, तेव्हाच हे करा. एकदा पोकळ ठरलात तर पुढे कुणी ऐकणार नाही.