जेम्स बाँडच्या गाडीतली उपकरणं खरोखर चालायची का? आणि तशी गाडी आज विकत मिळते का?

चालायची, पण कॅमेऱ्याला हवी तेवढीच. मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात तिथे, काम करतो. एखादा भाग एकदाच हलायचा असला, तरी तो नेमका हलावा म्हणून किती उठाठेव करावी लागते ते रोज बघतो. त्यामुळे 'सिनेमात काय, सगळी बनवाबनवी' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. बनवाबनवी असतेच, पण ती बनवायला फार मोठी कारागिरी लागते.

तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक 'गोल्डफिंगर' (१९६४) मधली चंदेरी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ असणार, तर तिच्यापासूनच सुरू करतो. गाडीत काय काय असावं हे सिनेमाचे प्रॉडक्शन डिझायनर केन अ‍ॅडम यांच्या विभागानं कागदावर उतरवलं आणि ते प्रत्यक्षात आणायची जबाबदारी स्पेशल इफेक्ट्सवाल्या जॉन स्टीअर्स यांच्यावर आली. फिरत्या नंबरप्लेटची कल्पना दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांची. पार्किंगच्या दंडाच्या पावत्यांनी ते वैतागले होते, त्यातून ती सुचली. ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांच्या प्लेटा होत्या आणि त्या खरंच फिरायच्या. मागच्या काचेआडून वर येणारा बुलेटप्रूफ पत्राही खरंच वर यायचा.

मशीनगनची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. पुढच्या इंडिकेटरमागून बाहेर येणाऱ्या त्या नळ्या म्हणजे नुसते पातळ पत्र्याचे पाइप. इलेक्ट्रिक मोटरनं ते पुढे-मागे व्हायचे आणि आत अ‍ॅसिटिलीन सोडून पेटवला की तोंडाशी ज्वाळा दिसायची. वेल्डिंगच्या दुकानात असतो तोच हा गॅस. गोळी एकही नाही, पण हालचाल आणि आग दोन्ही खरी, म्हणून आजही तो शॉट खोटा वाटत नाही. धुरासाठी धुराची नळकांडी होती आणि रस्त्यावर सांडणारं 'तेल' म्हणजे रंगीत पाणी.

शेजारच्या गाडीचे टायर फाडणारं ते चाकातलं पातं मात्र चालत्या गाडीत बाहेर येत नव्हतं. तारांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो, तसल्या जादा नटावर ते पातं वेल्ड केलं होतं. गाडी थांबवायची, साधा नट काढायचा, पात्याचा बसवायचा आणि मग पुढचा शॉट. प्रवाशाला छतातून उडवणारी सीट लढाऊ विमानातली होती आणि ती दाबलेल्या हवेवर उडायची. पण ती इतकी उंच होती की एरवीच्या दृश्यांत बसवताच यायची नाही. नेहमीच्या शॉट्सना साधी सीट, उडवायच्या वेळी विमानातली आणि तिच्यावर माणसाऐवजी पुतळा.

म्हणजे एकेक करामत त्या क्षणापुरती पूर्ण खरी होती. सगळ्या मिळून एकाच गाडीत, एकाच वेळी मात्र कधीच नव्हत्या.

उपकरणाचा विषय नसला तरी 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) मधल्या लाल एएमसी हॉर्नेटबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. थायलंडमधल्या एका कालव्यावरच्या मोडक्या पुलावरून ती गाडी हवेत स्क्रूसारखी पूर्ण एक गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. ही उडी अमेरिकेतल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत संगणकावर मांडली गेली. वाहन कसं घसरतं, कसं उलटतं याचा अभ्यास करणाऱ्या प्रोग्रॅममधून ती जन्मली आणि १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये लोकांसमोर करूनही दाखवली गेली. मोडक्या पुलाचे दोन तुकडे दिसतात ते खरं तर हिशोबानं पिळलेले रॅम्प. वजन दोन्ही बाजूंना सारखं पडावं म्हणून स्टीअरिंग मधोमध घेतलं आणि चालकालाही मधोमध बसवलं. वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर. थोडा कमी-जास्त झाला असता तर गिरकी अर्धवट तरी राहिली असती नाहीतर जास्त तरी झाली असती. पहिल्याच टेकला जमलं! आणि अशा शॉटवर नंतर शिट्टीचा विनोदी आवाज टाकून ठेवलाय. तुम्ही तो बघाल तेव्हा आवाज बंद करून बघा, ही माझी कळकळीची विनंती.

मग 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) मधली पांढरी लोटस एस्प्री. सार्डिनियाच्या किनाऱ्यावर धक्क्यावरून समुद्रात शिरते आणि पाणबुडी होते. चाकं आत जातात, पंख बाहेर येतात, हे दाखवायला एस्प्रीच्या वेगवेगळ्या बॉडी वापरल्या. एका बॉडीत एकच बदल. पाण्याखाली चालणारी मात्र खरी होती. फ्लोरिडातल्या पेरी या पाणबुड्या बनवणाऱ्या कंपनीनं ती तयार केली आणि बहामाजच्या समुद्रात चित्रीकरण झालं. पडद्यावर बाँड आत सूटबुटात कोरडा बसलेला दिसतो. प्रत्यक्षात आत पाणी भरलेलं असायचं आणि पाणबुड्याचा पोशाख घातलेला, पाठीला ऑक्सिजन नव्हे तर दाबलेल्या हवेची टाकी लावलेला माणूस ती चालवायचा. खिडक्यांवरच्या पट्ट्या आठवतात? आतला पाणबुड्या दिसू नये म्हणून त्या होत्या. पुढे ही लोटस न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका भाड्याच्या गोदामात पडून राहिली. १९८९ मध्ये आत काय आहे ते न बघता एका जोडप्यानं गोदामातला माल सुमारे १०० डॉलरला उचलला. २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात ती साडेपाच लाख पौंडांना गेली. घेणारे इलॉन मस्क. बटण दाबलं की गाडीची पाणबुडी होत नाही हे कळल्यावर निराशा झाली, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय.

'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) मध्ये बाँड मागच्या सीटवर बसून मोबाइलवरून बीएमडब्ल्यू चालवतो. तेव्हा खरा चालक आतच, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा दडून, मॉनिटरवर रस्ता बघत गाडी हाकत होता. लंडनच्या ब्रेंट क्रॉसचं पार्किंग त्यासाठी हॅम्बर्ग म्हणून वापरलं होतं.

'डाय अनदर डे' (२००२) मधली अदृश्य होणारी अ‍ॅस्टन मार्टिन व्हँक्विश मला अजिबात पटत नाही. अशक्य आहे म्हणून नव्हे, १९६४ ची सीटही अशक्यच होती. पण या गायब होण्यामागे गाडीत कुणीच काही बसवलेलं नाही, सगळं संगणकावर रंगवलंय आणि ते दिसतं. त्याच सिनेमातला बर्फावरचा पाठलाग बघा. आइसलँडमधलं योकुल्सार्लोन सरोवर नीट गोठावं म्हणून समुद्राचं खारं पाणी आत यायची वाट बंद केली होती. गाड्यांची यंत्रणा बदलून चारही चाकांना ताकद दिली होती. तो पाठलाग आजही श्वास रोखून बघावा असा आहे. एकाच सिनेमातली ही दोन दृश्यं लागोपाठ बघितलीत, तर मी एवढं लांबण का लावलंय ते तुमच्या लक्षात येईल.

संगणक हाताशी असूनही हातानं काम करणारे आहेतच. 'स्कायफॉल' (२०१२) मध्ये डीबी५ उडवून दिली जाते. त्यासाठी एक-तृतीयांश आकाराच्या प्रतिकृती थ्री-डी प्रिंटिंगनं बनवल्या. भाग एका जर्मन कंपनीत छापले आणि इंग्लंडमध्ये जोडून रंगवले. अस्सल गाडीला ओरखडाही न येता स्फोट झाला.

आता विकत मिळण्याबद्दल. अ‍ॅस्टन मार्टिननं २०२० पासून 'गोल्डफिंगर'ची डीबी५ पुन्हा बनवली, विक्रीसाठी फक्त २५. किंमत करांशिवाय २७ लाख ५० हजार पौंड होती. उपकरणं बसवण्यासाठी बाँडपटांचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारे ख्रिस कॉरबुल्ड यांना घेतलं होतं. नंबरप्लेट फिरते, धूर येतो, बुलेटप्रूफ पत्रा वर येतो, इंडिकेटरमागून नकली मशीनगन बाहेर पडते. सार्वजनिक रस्त्यावर चालवायची मात्र परवानगी नाही. सिनेमात सीट उडवणारं गिअरच्या मुठीवरचं लाल बटण आहे, जादा पैसे मोजले तर छताचा निघणारा तुकडाही मिळत होता. सीट काही उडत नाही. ती उडवून बघायची असेल तर कॉर्गी कंपनीनं १९६५ मध्ये काढलेलं खेळणं शोधा. त्यात स्प्रिंग आहे, बाजूचं बटण दाबलं की छत उघडतं आणि आतला इवलासा माणूस खरंच बाहेर फेकला जातो. जुन्या खेळण्यांच्या लिलावांत अजून येतं ते. घेताना तो माणूस आत आहे ना, तेवढं बघून घ्या, बहुतेकांचा हरवलेला असतो.